यजमानाचे घर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला परतवाड्यात चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो आणि त्यांच्या घरच्या ओसरीवर त्याहून कितीतरी अधिक काळ. घर चार खोल्यांचे, लाकूडबाजाराच्या मागल्या बोळातले. धारणी-चिखलदऱ्याकडून परीक्षेला येणारी मेळघाटातली मुले, अमरावतीहून कामाला आलेले आणि शेवटची गाडी चुकलेले शिक्षक, बैतुलच्या रस्त्याने पुढे जायला निघालेले दूरचे आप्त, या सगळ्यांना त्या चार खोल्यांत जागा मिळे. ती कशी मिळे हे मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. पाहुणा यायचा असला की गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, आदल्या रात्री पंगतीतच घरातल्या प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे काम आणि त्याच्या वाट्याची गैरसोय सांगून टाकीत. थोरल्याने आपली सतरंजी द्यायची, धाकटीने माजघर सोडून ओसरीवर निजायचे, गुरुजींनी वह्या तपासायला शाळेतच बसायचे. मग काकू घरातल्या आजींकडे वळून विचारीत, ‘उद्या चूल पहाटेच पेटवावी लागेल, धुराचा त्रास होईल, चालेल ना?’ आजींनी कधी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. पण त्यांना विचारल्यावाचून चूल लवकर पेटल्याचेही आठवत नाही. आणि पाहुणा गेला की ज्याची सतरंजी गेली होती त्याची सतरंजी, धुऊन आणि उन्हात वाळवून, सर्वांत आधी त्याच्या हाती परत येई.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरकरणी या ओसरीपासून फार लांबचा वाटेल. राष्ट्रप्रमुखांची परिषद एखाद्या नगरात भरते, तेव्हा त्या नगरातल्या सामान्य कुटुंबाच्या दिनक्रमाचे काय होते, हा तो विषय. अशा परिषदांचे वृत्तान्त आपण वाचतो, त्यांतले ठराव अभ्यासतो, त्यांची छायाचित्रे संग्रही ठेवतो. परंतु ज्या दिवशी ती छायाचित्रे घेतली गेली त्या दिवशी शेजारच्या गल्लीत कोणाच्या घरी चूल उशिरा पेटली, कोणाचे औषध चुकले, कोणाची मजुरी बुडाली, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ही नोंद झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी एका घरापासून सुरू करतो. कारण ते घर माझ्या परिचयाचे आहे.

सन २०२३ साली श्रावण अधिक आला होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा धोंड्याचा महिना, जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देण्याचा. त्या वाणासाठी माझी भाची आणि तिचे यजमान दिल्लीहून इकडे आले, आणि परतताना तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, डोळ्याच्या उपचारासाठी बरोबर घेऊन गेले. मेहुण्यांची शेती अंजनगावच्या रस्त्यावर. संत्र्याची थोडी बाग, बाकी कपाशी आणि तूर. एका डोळ्याचे दृष्टिपटल सुटू लागले होते. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यात सोडलेल्या वायूचा दाब पटलावर नीट बसावा म्हणून रोग्याने काही दिवस मान खालीच ठेवायची, निजताना पालथे निजायचे, बसताना कपाळ टेबलावर टेकून बसायचे. ज्या माणसाने साठ वर्षे आभाळाकडे पाहून शेती केली, त्याला फरशीकडे पाहत दिवस काढायचे होते. भाचीने एका उशीला मधोमध भोक पाडून तोंडाला वारा लागेल अशी सोय केली. पुढची तपासणी शुक्रवार, ८ सप्टेंबर रोजी ठरली होती. आणि ती सुरळीत झाली तर १४ तारखेच्या पोळ्याला मेहुणे आपल्या बैलांपाशी असणार होते.

जी-२० राष्ट्रांची शिखर परिषद ९ आणि १० सप्टेंबरला प्रगती मैदानातील भारत मंडपमात भरली. तिच्यासाठी ८, ९ आणि १० या तीन दिवसांची सार्वजनिक सुट्टी दिल्लीत जाहीर झाली. शाळा, कचेऱ्या बंद राहिल्या. नवी दिल्ली जिल्ह्यातील बँका, दुकाने आणि पेढ्या बंद ठेवण्याचे फर्मान निघाले. तो प्रदेश ८ तारखेच्या पहाटेपासून १० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत नियंत्रित विभाग ठरला. औषधे वगळता घरपोच सामान पोचविण्यास तेथे मनाई झाली. उत्तर रेल्वेने २०० हून अधिक गाड्या रद्द केल्या. माकडांनी पाहुण्यांना त्रास देऊ नये म्हणून वानरांच्या प्रतिमा जागोजाग उभ्या केल्या होत्या. हेही सांगितले पाहिजे की रुग्णवाहिका चालू होत्या, औषधांची दुकाने उघडी होती, तिकीट दाखवील त्या प्रवाशाला स्थानकापर्यंत जाऊ दिले जात होते आणि त्या तीन दिवसांत मेट्रो पहाटे चारपासून धावत होती. हा बंदोबस्त रचणाऱ्यांनी नागरिकांचा विचार केलाच नव्हता, असे मी म्हणणार नाही. परंतु जाहीरनाम्यात ज्याचा विचार होतो तो नागरिक एकटा असतो. तो रोगी असतो, किंवा प्रवासी असतो, किंवा कर्मचारी असतो. एकाच घरात रोगी, कर्मचारी, लहान मूल आणि त्या तिघांना सांभाळणारी बाई एकाच वेळी असतात, हे जाहीरनाम्याला दिसत नाही. अडचण तेथे सुरू होते.

भाचीचे यजमान एका मोठ्या हॉटेलच्या हिशेबखात्यात नोकरीस. तेथे परदेशी शिष्टमंडळ उतरणार होते. म्हणून ७ तारखेच्या दुपारपासून ११ तारखेच्या सकाळपर्यंत त्यांनी तेथेच मुक्काम करायचा, असा हुकूम झाला. दवाखान्याने ८ तारखेचा बाह्यरुग्ण विभाग सुट्टीमुळे बंद ठेवला आणि तपासणी ११ तारखेवर ढकलली. धुण्याभांड्यांना येणारी बाई यमुनेपलीकडून बसने येत असे. ८ तारखेला तिची बस दुसऱ्या रस्त्याने वळविली गेली, आणि ती शेवटचा तासभर पायी चालून साडेअकराला पोचली. ९ तारखेला ती आली नाही. भाचीने तिचा पगार कापला नाही. परंतु ती बाई आणखी तीन घरी काम करी, आणि त्या तिन्ही घरी तिचे दिवस कापले गेले, हे तिने पुढे सहज बोलता बोलता सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. दुधाचा भाव वाढल्याचे सांगावे तसे.

९ तारखेच्या रात्री, परिषदेचे संयुक्त घोषणापत्र सर्वसंमत होऊन राष्ट्रपतींचे भोजन चालू असेल त्या सुमारास, मेहुण्यांचा डोळा ठणकू लागला. ते कण्हत नसत. पण उशीच्या भोकातून खाली फरशीवर पाण्याचे थेंब पडताना नातीने पाहिले आणि आईला हाक मारली. रात्रीच्या बंदोबस्तात टॅक्सी मिळेना. फोनवर डॉक्टरांनी एक गोळी देण्यास सांगितले आणि सकाळ होताच घेऊन या म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाऊस नुकताच पडून गेलेला असताना, भाचीने सहा वर्षांच्या मुलीला उठवले, कारण तिला घरी एकटी ठेवणे शक्य नव्हते, आणि ती तिघे घराजवळच्या मेट्रो स्थानकाकडे निघाली. मेहुण्यांची मान खाली. रस्ता त्यांना दिसत होता तो फक्त पावलांपुढचा दोन हात. मुलगी त्यांचे बोट धरून ‘आजोबा, पायरी’, ‘आजोबा, पाणी साचलंय’ असे सांगत चालली होती. चौकातल्या शिपायाने त्यांना थांबवले. मान खाली घालून चालणारा माणूस पाहून त्याला संशय आला की दया, हे भाचीला कळले नाही. पण कागद पाहिल्यावर त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली, मेहुण्यांना दोन मिनिटे बसवले आणि स्थानकाच्या जिन्यापर्यंत सोबत आला. चालता चालता त्याने सांगितले की तो रोहतकचा, आणि अकरा दिवसांत घरी गेलेला नाही.

डोळ्यातला दाब वाढला होता. औषध लागू पडले; डोळा वाचला. मात्र प्रवासाची परवानगी आणखी दोन आठवडे पुढे गेली. १४ सप्टेंबरला पोळा झाला, तेव्हा मेहुण्यांच्या बैलांची खांदमळणी आणि पूजा त्यांच्या सालदाराने केली, आणि मेहुण्यांनी दिल्लीत, उशीत तोंड घालून, ती फोनवर ऐकली.

श्रोतेहो, या हकिगतीत मोठे अरिष्ट काही नाही, आणि म्हणूनच ती मी निवडली. अरिष्ट घडले तर वर्तमानपत्रे लिहितात, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, चौकशी बसते. परंतु एका बाईने चार दिवस एकटीने वाहिलेला भार, एका मोलकरणीची तीन घरची बुडालेली मजुरी, एका शिपायाच्या घरी अकरा दिवस न पोचलेला बाप आणि एका शेतकऱ्याचा चुकलेला पोळा ही कोणाच्या हिशेबात धरायची? अशी घरे एका नगरात किती असतील याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

त्या परिषदेचे बोधवाक्य ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे होते. भारताकडे १ डिसेंबर २०२२ पासून वर्षभर जी-२० चे अध्यक्षपद होते, आणि त्या वर्षात ६० शहरांत झालेल्या २०० हून अधिक बैठकांच्या प्रत्येक मंडपावर हे वाक्य झळकले. महोपनिषदात ते आहे, हितोपदेशात आहे आणि पंचतंत्रातही आहे. पंचतंत्रातला त्याचा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. चार मित्र द्रव्यार्जनासाठी निघाले आहेत. तिघे विद्वान, चौथा विद्याहीन पण व्यवहारी. एकाचे म्हणणे असे पडते की ज्याला विद्या नाही त्याला आमच्या कमाईचा वाटा कशाला? त्याने परत घरी जावे. तेव्हा दुसरा एक विद्वान म्हणतो की आपण लहानपणापासून एकत्र खेळलेलो आहोत, त्याला टाकणे बरे नव्हे. आणि ते सुप्रसिद्ध वचन उच्चारून तो त्या चौथ्याला बरोबर घेतो व वाट्याचा भागीदार करतो. म्हणजे हे वचन ज्या क्षणी उच्चारले गेले तो क्षण दूरच्या पाहुण्याला मिठी मारण्याचा नव्हता. जवळच्या, दुबळ्या, सोबत चालणाऱ्या माणसाला वाटणीतून वगळू नये, असा आग्रह धरण्याचा तो क्षण होता. पुढे अरण्यात ते तिघे विद्वान आपल्या विद्येने मेलेला सिंह जिवंत करतात आणि प्राणास मुकतात. झाडावर चढून वाचतो तो हा चौथाच. ज्यांनी हे वचन आपल्या परिषदेसाठी निवडले त्यांनी फार मोठी जबाबदारी पत्करली, आणि त्या जबाबदारीची आठवण त्यांना देण्याचा अधिकार चौथ्या मित्राला आहे, असे मला अगदी मनापासून वाटते.

दिल्लीला जाण्याचीही गरज नाही. त्याच वर्षी, २० ते २२ मार्च या दिवसांत, आपल्या नागपुरास सी-२० गटाची, म्हणजे जगभरच्या नागरी संस्थांच्या प्रतिनिधींची प्रारंभिक परिषद वर्धा रस्त्यावर भरली. त्या आठवड्यात मी एका नातलगाच्या घरी साखरपुड्याला नागपुरात होतो. भिंती रंगविलेल्या, दुभाजकांत नवी रोपे, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. रस्ते खरोखरच गुळगुळीत झालेले. ते पाहून मला आनंद झाला, आणि तो मी लपविणार नाही. आपल्या विदर्भाच्या राजधानीत जगातले सेवाभावी लोक येतात ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु त्याच महिन्यात नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली एक मनाईहुकूम काढला होता, आणि ९ मार्चपासून ३० एप्रिलपर्यंत शहराच्या चौकांत व सार्वजनिक जागी भीक मागण्यास त्याने बंदी घातली होती. वाहतुकीची अडचण, नागरिकांचा त्रास ही कारणे खोटी नसतील. तरीही, ज्या परिषदेचा विषयच मुळी समाजातल्या उपेक्षितांची सेवा हा होता, तिच्या आगमनाच्या सुमारास सीताबर्डीच्या चौकातली म्हातारी दिसेनाशी झाली, ती कोणाच्या घरी गेली, तिला घर होते काय, हे विचारणारा अधिकारी नेमला गेला असता तर ती परिषद अधिक सुशोभित झाली असती.

दिल्लीतही हेच मोठ्या प्रमाणावर घडले. वसंत विहारजवळच्या कुली कँप या वस्तीपुढे हिरवी कापडे ताणली गेली. प्रगती मैदानालगतच्या जनता कँपमधली घरे उन्हाळ्यात पाडली गेली. सरकारचे म्हणणे, केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितले ते, असे होते की परिषदेच्या सुशोभनासाठी एकही घर पाडलेले नाही. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याची ती नित्याची कारवाई होती. त्या वादाचा निवाडा मी करीत नाही. कापडाच्या बाबतीत मात्र निवाड्याची गरज नाही. अतिक्रमण हटविण्याला कायदा लागतो, सुनावणी लागते, पर्यायी जागेचा विचार लागतो. कापडाला यांपैकी काहीच लागत नाही. ते एका रात्रीत ताणले जाते, आणि त्यामागे राहणाऱ्या बाईला सकाळी डबा घेऊन कामावर निघताना त्याची कड उचलून बाहेर पडावे लागते. आपल्या घराचे दार पाहुण्याच्या नजरेला खुपते, हे तिच्या लेकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. काकूंच्या घरी पाहुण्यासाठी आजींची खाट आत हलविली गेली असेल. आजींवर चादर कधी टाकली गेली नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला हा विषय नवा असू नये. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिने थोरामोठ्यांच्या भेटीगाठी पुष्कळ पाहिल्या आहेत. सन १८०३ च्या नोव्हेंबरात, २९ तारखेला, अडगावाची इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहावर नागपूरकर रघूजी भोसल्यांची मोहोर उमटली. आणि ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे दौलतराव शिंद्यांचा तह झाला. सुमारे एका महिन्यात, आपल्या पंचक्रोशीत, हिंदुस्थानच्या मोठ्या भागाचे भवितव्य ठरले. जनरल वेलस्ली, एल्फिन्स्टन, माल्कम ही सगळी नावाजलेली मंडळी याच मातीत तंबू ठोकून राहिली होती. तहांतली कलमे आपल्याला ठाऊक आहेत. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून कसा गेला, गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडे कसे राहिले, हे शाळकरी मुलेही सांगतील. परंतु त्या छावण्यांचे बैल कोणाच्या कडब्यावर जगले, हत्तींसाठी कोणाच्या उसाची तोड झाली, लष्कराच्या भटारखान्याला सरपण कोणत्या बाईने डोक्यावर वाहून दिले, हे त्या कलमांत नाही. आणि त्याच सुमारास दख्खनेत १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला होता, हे लक्षात आणले म्हणजे त्या कडब्याचे मोल ध्यानात येते.

पुढे आपला परतवाडा उभा राहिला तोच मुळी छावणी म्हणून. एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, ती छावणी विसाव्या शतकाच्या आरंभी उठली, १९०५ साली एलिचपूर जिल्हाही अमरावतीत विलीन झाला, तरी ‘कँप’ हा शब्द आपल्या तोंडातून अजून गेलेला नाही. त्या काळच्या कारभारात एक शब्द होता : सरबराई. साहेबाची स्वारी दौऱ्यावर निघाली, चिखलदऱ्याच्या घाटाने वर जायची झाली, की वाटेवरच्या गावांनी दूध, कोंबडी, वैरण, सरपण आणि ओझी वाहणारी माणसे पुरवायची, त्याचे नाव सरबराई. आणि त्यातला मजुरीचा भाग बहुधा न मिळालेला म्हणून वेठ. कागदोपत्री प्रत्येक वस्तूचा दाम ठरलेला असे. तो दाम पाटील-कुळकर्ण्यांच्या हातातून, चपराशाच्या मुठीतून खाली झिरपत कोरकू हमालापर्यंत किती पोचे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्याला सांगितलेले आहे. वेठ कायद्याने गेली. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने ती निषिद्ध ठरली, आणि ही आपल्या प्रजासत्ताकाची फार मोठी कमाई होय. परंतु वेठीचे मर्म जर हेच असेल, की थोरांच्या आगमनाचा खर्च लहानांकडून, न विचारता आणि न मोजता वसूल करायचा, तर तीन घरची मजुरी बुडालेल्या त्या यमुनेपलीकडच्या बाईने दिलेल्या वर्गणीला आपण कोणत्या नावाने ओळखायचे? मला तरी जुनाच शब्द सुचतो, आणि तो उच्चारताना मला फार दुःख होते.

इतर देशांतही हे घडते. इटलीतील जिनोआ शहरी जुलै २००१ मध्ये आठ राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा जुन्या शहराभोवती लोखंडी फाटके उभारून ‘लाल विभाग’ आखला गेला. स्वतःच्या घरी जाण्यासाठी रहिवाशांना परवाना दाखवावा लागे. आणि गल्लीगल्लीतल्या दोऱ्यांवर धुणे वाळत घालू नका, अशी सूचनाही त्यांना झाली होती. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्या मातेला ही सूचना कशी वाटली असेल! कॅनडातील टोरांटो येथे २०१० च्या परिषदेच्या वेळी हजाराहून अधिक लोकांची धरपकड झाली. त्याबद्दलच्या दाव्यात दहा वर्षांनी, २०२० साली, १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि पोलिसांना आपली चूक मान्य करावी लागली. जर्मनीतील हँबुर्गला जुलै २०१७ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दंगल झाली. दुकाने फुटली, मोटारी जळाल्या. तेव्हा संघराज्य आणि शहर यांनी मिळून पीडितांसाठी ४ कोटी युरोपर्यंतचा निधी उभा केला. याचा अर्थ तिकडे सारे आलबेल आहे असा नव्हे. परंतु यजमानाने पाहुणा गेल्यावर घरातल्यांचे नुकसान मोजावे, आणि मोजून भरून द्यावे, ही गोष्ट राज्यकारभाराला अशक्य नाही, एवढे या उदाहरणांवरून निर्विवाद सिद्ध होते. तेथे मोजले गेले ते फुटलेले काचेचे तावदान आणि तुरुंगातली रात्र. बुडालेली मजुरी आणि ढकललेली तपासणी मोजणे त्याहून अवघड आहे, हे मला मान्य आहे. मात्र अवघड हिशेब सोडून द्यावा, असे गुरुजींनी आम्हांला कधी शिकवले नाही.

अशा परिषदा होऊच नयेत, असे माझ्या बोलण्यावरून कोणी समजू नये. ९ सप्टेंबरच्या त्या दिवशी आफ्रिकी संघ जी-२० चा स्थायी सदस्य झाला, आणि एका संपूर्ण खंडाला पंगतीत पाट मिळाला. तो भारताच्या अध्यक्षतेखाली मिळाला, याचा मला अभिमान आहे. राष्ट्रे एकमेकांशी बोलतात तोवर ती लढत नाहीत, आणि बोलायला त्यांना कोणाच्या तरी घरी जमावेच लागणार. माझे मागणे काकूंच्या पंगतीतले आहे. आदल्या रात्री सांगा : कोणते रस्ते, कोणते दवाखाने, कोणत्या बसगाड्या, किती वाजल्यापासून; आणि ते मोलकरणीच्या, हातगाडीवाल्याच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत जाऊन सांगा. सुट्टी जाहीर करता त्याच कागदावर रोजंदारीच्या माणसाच्या त्या दिवसांच्या मजुरीची तरतूद लिहा. पगारदाराला जी सुट्टी भरपगारी मिळते ती त्याला उपाशीपोटी का मिळावी? दवाखान्याची ठरलेली तपासणी ढकलायची तर रोग्याची वैद्यकीय निकड पाहून ढकला, पंचांग पाहून नव्हे. बंदोबस्तावरच्या शिपायाला पाळीपाळीने घरी पाठवा. पुढची परिषद आपल्या देशात, आपल्या राज्यात कोठे भरेल हे मी सांगू शकत नाही. परंतु ज्या शहरात भरेल त्या शहराच्या महापालिकेत, पाहुणे गेल्यानंतरच्या महिन्यात, या दिवसांत कोणाचे काय गेले याचा लेखी ताळेबंद मांडला जावा, ही मागणी आत्तापासून करून ठेवणे आपल्या हाती आहे.

असा ताळेबंद सरकार आपण होऊन मांडील, या भरवशावर राहण्याचे कारण नाही. आपल्या परतवाड्यातून, अचलपुरातून, अंजनगावातून कितीतरी मुले-मुली नागपूर, पुणे, मुंबई, दिल्ली येथे पोटासाठी गेली आहेत, आणि त्यांच्या घरी अशा दिवसांच्या आठवणी आहेत. कोणी सात तास अडकला, कोणाचे लग्नघर बंदोबस्तात सापडले, कोणाला मयतीला पोचता आले नाही. या आठवणी दहा वर्षांनी उरणार नाहीत. म्हणून माझी आपणांस विनंती आहे की दिवाळीला मुले घरी येतील तेव्हा त्यांना विचारा, आणि ती सांगतील ते तारीखवार, वाढवून नव्हे आणि कमी करूनही नव्हे, कागदावर उतरवून घ्या. ज्या ग्रंथालयाच्या सभागृहात आपण बसलो आहोत त्याच्या चिटणिसांनी अशा कागदांसाठी एक वही ठेवण्याचे कबूल केले आहे. माझ्या मेहुण्यांची हकीगत तिच्या पहिल्या पानावर मी आज लिहून दिली आहे. दुसरे पान कोरे आहे, ते आपण भरावे.